कन्फर्म तिकीट, तरी विमानात जागा नाही: ऑफलोड झालेल्या प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला एकदा विमानतळावरून परत पाठवलं. त्या रागात मी घरी येऊन नियम वाचून काढला, आणि तेव्हापासून ओळखीत कुणावरही ही वेळ आली की फोन माझ्याकडे येतो. बहुतेक वेळा थेट गेटवरून, मागे घोषणा चालू असताना. मी वकील नाही. नियम वाचायचा कंटाळा नाही आणि पाठपुरावा सोडत नाही, इतकंच. त्या फोनवर जे जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे.

तिकीट कन्फर्म आहे, वेळेवर आलोय, तरी विमानात घेत नाहीत. याला म्हणतात तरी काय?

नियमाच्या भाषेत ‘डिनाइड बोर्डिंग’, म्हणजे बोर्डिंग नाकारणे. विमानतळावरचे कर्मचारी आपसात ‘ऑफलोड’ म्हणतात, जणू आपण बॅगच आहोत. काउंटरवर मात्र यातला एकही शब्द तुमच्या कानावर पडणार नाही. तिथे ऐकू येईल ते ‘सिस्टममध्ये सीट अलॉट होत नाहीये’, ‘फ्लाइट फुल दाखवतंय’, ‘थोडं साइडला थांबा’. हे फसवं आहे, कारण भरपाईचा हक्क ‘बोर्डिंग नाकारलं’ या दोन शब्दांना चिकटलेला आहे. ‘साइडला थांबा’ला कुठलीच भरपाई नाही.

असलेल्या सीटपेक्षा जास्त तिकिटं विकणं कायदेशीर आहे?

आहे. भारतात आणि जवळपास सगळीकडे. काही प्रवासी येतच नाहीत, त्यांना ‘नो-शो’ म्हणतात. त्यांची सीट रिकामी उडू नये म्हणून कंपन्या अंदाजाने चार-दोन तिकिटं जास्त विकतात. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमातही मर्यादित प्रमाणात असं होतं हे मान्य केलेलं आहे. ‘मर्यादित’ म्हणजे किती, याचा आकडा मात्र नाही.

इथे लोक मला रेल्वेचं उदाहरण देतात, आणि ते चपखल आहे. रेल्वेही बर्थपेक्षा जास्त तिकिटं विकते. पण ती तोंडावर सांगते: वेटिंग लिस्ट बावीस, आरएसी सात. आरएसीवाल्याला ठाऊक असतं की साइड लोअरवर एका अनोळखी माणसाच्या गुडघ्यांशेजारी रात्र काढायची आहे. तो तयारीने येतो, चादर आणतो. विमान कंपनी तुमच्या आरएसीला कन्फर्म म्हणते, पूर्ण पैसे घेते आणि खरी यादी गेटवर उघडते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागासुद्धा लोक मानतात. इथे छापील नाव असून भागत नाही.

पण ओव्हरबुकिंग बंद केलं तर भाडी वाढतील, असं म्हणतात. खरं आहे का?

थोडं खरं आहे. रिकामी गेलेली सीट परत विकता येत नाही आणि तिचा खर्च कुणाच्या तरी तिकिटात येतोच. तेव्हा ओव्हरबुकिंग हे पाप आहे असं मी म्हणणार नाही. अंदाज चुकल्यावर त्याची किंमत कोण मोजतं, भांडण तिथे आहे.

या प्रश्नाचं उत्तर पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी देऊन झालं आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९६८ मध्ये सुचवलं की विमान जास्त भरलं तर प्रवाशांना कागद आणि पाकीट द्या. पुढच्या विमानाने जायला किती पैसे घ्याल ते प्रत्येकाने लिहावं. ज्याचा आकडा सर्वात कमी, त्याला ते पैसे द्या आणि थांबवा. थांबणारा खूश, जाणारा खूश, कुणाला ओढून काढायची गरज नाही. कंपन्यांनी ही कल्पना हसण्यावारी नेली.

मग १९७२ चा एप्रिल. ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर वॉशिंग्टनहून हार्टफर्डला सभेसाठी निघाले होते. ॲलेगेनी एअरलाइन्सने कन्फर्म तिकीट असताना त्यांना विमानात घेतलं नाही. साऱ्या देशात विमानाबाहेर ठेवू नये असा एक माणूस निवडायचा म्हटला असता तर तो हाच. नेडर कोर्टात गेले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ओव्हरबुकिंगची गोष्ट लपवून फसवणूक केली, असा दावा प्रवासी लावू शकतो. पुढे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कान तिथल्या नागरी विमान मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९७८ मध्ये नियम आला: कुणालाही सक्तीने मागे ठेवण्याआधी स्वेच्छेने थांबणारे शोधा आणि त्यांना मोबदला द्या. आज जगभर गेटवर ‘कुणी व्हॉलंटियर आहे का’ असं विचारतात, त्याचं मूळ हे.

मग लोक एवढे का चिडतात? भरपाई मिळते ना?

माझंच सांगतो. नागपूरला मावसभावाचं लग्न, पुण्याहून सकाळचं विमान. मी एक तास पन्नास मिनिटं आधी पोचलो. काउंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पास दिला, त्यावर सीट नंबरच्या जागी काहीच नाही. ‘सर, गेटवर मिळेल.’ गेटवर आम्ही सहाजण, कडेला. विमान भरत गेलं, दार बंद झालं. आणि मग एक इन-शर्ट केलेले गृहस्थ येऊन म्हणाले, ‘तुम्ही लेट रिपोर्ट केलंत.’

सीट गेली याचा राग तोपर्यंत थंडसुद्धा झाला होता. यंत्र बिघडतं, अंदाज चुकतो, समजू शकतो. पण हे एक वाक्य ऐकून डोक्याची शीर उठली. कारण आम्ही उशिरा आलो असं कागदावर गेलं की कंपनीला दमडी द्यावी लागत नाही. म्हणजे सीटही तुम्ही घेतली आणि चूकही आमच्या पदरात घातली. आमच्यातल्या एका आजोबांनी शांतपणे विचारलं, ‘मग दीड तासापूर्वी बॅग कुणाची घेतली होतीत?’ त्यावर उत्तर आलं नाही.

संध्याकाळच्या विमानाने पोचलो तेव्हा मांडवातल्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवत होते. भरपाई तीन आठवड्यांनी मिळाली, कॅबची पावती आणि चार ईमेल खर्च करून. गेटवर हातात देऊ केलं होतं ते दोन हजारांचं व्हाउचर.

शिकागोच्या त्या विमानात नेमकं काय झालं होतं?

९ एप्रिल २०१७. युनायटेड एक्स्प्रेसचं ३४११ क्रमांकाचं उड्डाण, शिकागोहून लुइव्हिलला. प्रवासी बसून झाले होते. तेवढ्यात कंपनीला कळलं की दुसऱ्या दिवशीच्या विमानासाठी आपले चार कर्मचारी लुइव्हिलला पोचवायचे आहेत. आधी ४०० डॉलर, मग ८०० डॉलर देऊ केले. कुणी उठलं नाही. मग कंपनीनेच चौघांची नावं काढली. तिघं उतरले. चौथे ६९ वर्षांचे डॉक्टर, सकाळी रुग्ण तपासायचे आहेत म्हणून नाही म्हणाले. विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्यांना सीटवरून खेचून, जमिनीवरून फरफटत बाहेर नेलं. नाक मोडलं, दोन दात पडले, डोक्याला मार लागला. शेजारच्यांच्या मोबाइलवर ते सगळं जगाने पाहिलं.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, ते विमान ओव्हरबुक नव्हतंच. भरलेलं होतं, पण जास्त विकलेलं नव्हतं. कंपनीने नंतर हे स्वतः सांगितलं. दोन, मारहाणीइतकाच संताप नंतरच्या भाषेने झाला. मुख्य अधिकारी ऑस्कर मुन्योझ यांच्या पहिल्या निवेदनात माफी होती ती प्रवाशांना ‘री-अकॉमोडेट’ करावं लागल्याबद्दल, म्हणजे त्यांची दुसरीकडे सोय लावावी लागल्याबद्दल. रक्ताळलेल्या चेहऱ्याच्या माणसाला सोय लावली म्हणणं! त्याच महिन्यात कंपनीने डॉक्टरांशी तडजोड केली आणि स्वेच्छेने सीट सोडणाऱ्याला १०,००० डॉलरपर्यंत देण्याची तयारी जाहीर केली. डेल्टाने आपली मर्यादा ९,९५० डॉलर केली, साउथवेस्टने ओव्हरबुकिंगच थांबवत असल्याचं सांगितलं.

८०० डॉलरवर थांबण्याऐवजी बोली चढवत नेली असती तर कुणीतरी हसत उठलं असतं. सायमन यांचं पाकीट तेच सांगत होतं.

बरं, भारतातला नियम काय सांगतो?

डीजीसीएची ‘सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट’, सेक्शन ३, सीरिज एम, भाग ४. हे नाव मोबाइलमध्ये लिहून ठेवा. काउंटरवर नुसतं ‘सीएआर, सीरिज एम, पार्ट फोर’ म्हटलं की समोरच्याचा सूर बदलतो, हा अनुभव आहे.

कंपनीने आधी स्वेच्छेने थांबणारे शोधायचे. कुणी मिळालं नाही आणि तुमच्या मर्जीविरुद्ध तुम्हाला ठेवलं, तर असं:

मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं, तर भरपाई नाही.

एका तासानंतर पण २४ तासांच्या आत सुटणारं दिलं, तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन शुल्काच्या बेरजेच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये.

२४ तासांपेक्षा उशिराचं दिलं, तर त्याच बेरजेच्या ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये.

दुसरं विमान नकोच असेल, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, आणि वर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये.

हे आकडे ऑगस्ट २०१६ पासूनचे. त्याआधी जास्तीत जास्त ४,००० रुपये मिळायचे. २०१६ नंतर भाडी कुठल्या कुठे गेली, पण कमाल रक्कम तिथेच उभी आहे.

माझं तिकीट ६,५०० चं होतं. म्हणजे २०० टक्क्यांनी १३,००० ना?

नाही. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. टक्केवारी पूर्ण तिकिटावर नाही, फक्त मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यावर. विमानतळाचे आकार, सुरक्षा शुल्क, जीएसटी, सीट निवडायचे पैसे, त्या कोरड्या सँडविचचे पैसे, सगळं वजा. समजा ६,५०० मधले मूळ भाडं आणि इंधन मिळून ४,५०० निघाले. संध्याकाळचं विमान दिलं तर ९,००० रुपये, परवाचं दिलं तर १८,०००. बेरीज ६,००० निघाली तर १२,००० होत नाहीत, १०,००० वर गाडी अडते.

ईमेलमधल्या तिकिटात फोड दिलेली असते. तो तपशील उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा.

‘तुम्ही उशिरा आलात’ असं म्हणाले तर काय करायचं?

आधी खरंच उशिरा आला होता का ते स्वतःला विचारा. देशांतर्गत उड्डाणाला बहुतेक कंपन्यांचं काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतं, गेट साधारण २५ मिनिटं आधी. त्यानंतर पोचलात तर नियम तुमच्या बाजूने नाही, आणि गेटवर रडारड करून तो वळतही नाही.

वेळेत होता, तर वेळेचा पुरावा जमवायला लगेच लागा. कॅबची पावती, पार्किंगची पावती, बॅग दिल्याचा टॅग, वेब चेक-इनचा ईमेल, सुरक्षा तपासणीनंतर घेतलेल्या चहाचं बिल. त्या चहाच्या बिलावर मिनिटासकट वेळ छापलेली असते. दोनशे रुपयांचा चहा निदान तिथे तरी कामी येतो. गेटजवळच्या फलकाचा फोटो घ्या. सुरक्षा तपासणीच्या भागात मात्र फोटो काढू नका, नाहीतर वेगळंच प्रकरण गळ्यात पडेल.

मग ड्यूटी मॅनेजरला बोलवा आणि एकच मागा: ‘मला विमानात का घेतलं नाही हे लिहून द्या.’ कागद देत नसतील तर तिथल्या तिथे कंपनीला ईमेल करा. चार ओळी पुरेत. उड्डाण क्रमांक, तुम्ही किती वाजता हजर होता, कुणी काय सांगितलं, पर्यायी विमान कधीचं देताहेत. विमानतळावर बसून पाठवलेल्या ईमेलला जे वजन असतं ते घरी जाऊन आठ दिवसांनी लिहिलेल्या सुंदर पत्राला नसतं.

मे २०२२ मध्ये डीजीसीएनेच कंपन्यांना खडसावलं होतं की वेळेवर आलेल्या कन्फर्म तिकीटवाल्यांना बोर्डिंग नाकारलं जातंय आणि भरपाईही दिली जात नाही. पुढच्याच महिन्यात बंगळुरू, हैदराबाद आणि दिल्लीच्या तपासण्यांनंतर एअर इंडियाला १० लाखांचा दंड झाला. तेव्हा हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत.

दंडाचे ते १० लाख प्रवाशांना मिळतात का?

नाही, सरकारजमा होतात. तुमची भरपाई तुम्हालाच मागावी लागते.

बोर्डिंग पासवर सीट नंबर नाही. काळजी करू का?

हो. घाबरू नका, पण सावध व्हा. वेब चेक-इन सुरू होताच करा आणि कुठली का होईना, मधली का असेना, सीट घ्या. शेवटच्या रांगेतली, स्वच्छतागृहाशेजारची सीट ही ‘गेटवर मिळेल’पेक्षा हजारपट चांगली.

तरी नंबर मिळाला नाही तर गेटवर सगळ्यात आधी जाऊन उभे राहा.

स्वतःहून थांबायला तयार झालो तर हीच भरपाई मिळते?

नाही, आणि इथे सांभाळा. स्वेच्छेने थांबलात तर जे ठरेल ते. सक्तीने ठेवलं तर नियमातली रक्कम. त्यामुळे ‘थांबतो’ म्हणण्याआधी घासाघीस करा, आपल्याला ती काही शिकवावी लागत नाही. रोख की व्हाउचर? व्हाउचर असेल तर मुदत किती, सणासुदीला चालतं का, एकदाच वापरायचं की तुकड्यांत? जेवण, रात्रीची राहण्याची सोय? नव्या विमानात सीट नंबर आत्ताच छापून द्या, हे तर पहिलं.

आणि कुठल्याही कागदावर सही करताना वर काय लिहिलंय ते वाचा. ‘प्रवाशाने स्वेच्छेने प्रवास पुढे ढकलला’ अशी ओळ असेल आणि तुम्ही तसं म्हटलं नसेल, तर सही करू नका. मागे रांग खोळंबली तरी चालेल.

विमान बदललं, छोटं आलं किंवा काही सीट मोडक्या निघाल्या. हे ओव्हरबुकिंग नाही, असं कंपनी म्हणते.

ओव्हरबुकिंग नसेल, पण तुम्हाला बोर्डिंग नाकारलं हे तर खरं? ६ सप्टेंबर २०२४ ला अकासा एअरच्या बंगळुरू-पुणे उड्डाणात हेच झालं. ठरलेलं विमान दुरुस्तीला गेलं, बदली विमानातल्या काही सीट नादुरुस्त होत्या, सातजण मागे राहिले. त्यांना दुसऱ्या कंपनीच्या विमानाने पाठवलं, पण तेही मूळ वेळेच्या तासाभराहून उशिरा. भरपाई डीजीसीएने लक्ष घातल्यावरच दिली गेली, आणि डिसेंबरमध्ये कंपनीला १० लाखांचा दंड झाला. ‘सीट मोडकी होती’ ही सबब तिथे चालली नाही.

वजनामुळे माणसं उतरवणं हा यातला एक वेगळा प्रकार. लेहसारख्या उंचावरच्या विमानतळावर उन्हाळ्यात हवा विरळ होते, विमानाला पूर्ण भार घेऊन उडणं जमत नाही. तिथे वैमानिकाशी वाद घालू नये असं माझं मत आहे. पर्यायी विमान मात्र मागावंच.

एकदा सीटवर बसल्यावर उतरवू शकतात का?

अमेरिकेत शिकागोनंतर नियम बदलला. बोर्डिंग पास तपासून प्रवाशाला आत सोडल्यावर केवळ जागा कमी पडते म्हणून त्याला सक्तीने उतरवता येत नाही. सुरक्षेचं किंवा गैरवर्तनाचं कारण असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे २१ मे २०२४ ला याच्या उलट चित्र दिसलं. इंडिगोचं मुंबई-वाराणसी विमान जागेवरून हललं आणि मागे एक प्रवासी उभाच असल्याचं कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं. त्याला दिलेली सीट मुळात दुसऱ्या कन्फर्म प्रवाशाची होती. विमान परत आणलं, उभ्या गृहस्थांना उतरवलं. दादरच्या लोकलमध्ये हे रोज होतं आणि कुणी मागे वळत नाही, पण विमानात स्टँडिंग तिकीट अजून निघालेलं नाही.

कुणाला मागे ठेवायचं हे ठरतं कसं?

ते कंपनी ठरवते. साधारणपणे शेवटी चेक-इन करणारे, स्वस्तात स्वस्त भाड्याचे, आणि त्या कंपनीचं फ्रीक्वेंट फ्लायर, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांचं, कार्ड नसलेले लोक पहिले कात्रीत सापडतात. अमेरिकेत सक्तीने मागे ठेवलेल्या प्रवाशाला हा क्रम कसा लावला ते लेखी द्यावं लागतं. आपल्याकडे तुम्हीही ते मागून पाहा. मी मागितलं तेव्हा ‘सिस्टम रँडमली घेते’ असं उत्तर आलं. सहाजणांत एकही कार्डवाला नव्हता, हा योगायोगच म्हणायचा.

आई-बाबा एकटेच मुलीकडे फ्रँकफर्टमार्गे चाललेत. तिथे असं झालं तर?

आता उत्तर थोडं लांब देतो, कारण हा फोन सगळ्यात जास्त येतो आणि तो बहुतेक वेळा मुलीचा असतो, अमेरिकेतल्या मध्यरात्री.

युरोपचा नियम आपल्यापेक्षा दणकट आहे. क्रमांक २६१, साल २००४. अंमल फेब्रुवारी २००५ पासून. भरपाई अंतरावर ठरते, भाड्यावर नाही: १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, मधल्या पल्ल्याला ४००, आणि ३,५०० च्या वर ६०० युरो. पर्यायी विमान फार उशीर न करता पोचवत असेल तर रक्कम निम्मी होऊ शकते. तिकीट सेलमध्ये घेतलेलं असलं तरी फरक नाही.

कुणाला लागू? युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला, कंपनी कुठलीही असो. आणि बाहेरून युरोपात येणाऱ्या उड्डाणाला, फक्त कंपनी युरोपीय असेल तर. म्हणजे मुंबई-फ्रँकफर्ट लुफ्थान्साने गेलात तर लागू, एअर इंडियाने गेलात तर नाही. फ्रँकफर्टहून मुंबईला येताना दोन्हींना लागू. ब्रिटनने बाहेर पडल्यावरही हाच साचा ठेवला, रकमा पौंडात २२०, ३५० आणि ५२०.

अमेरिकेचा नियम अमेरिकेतून सुटणाऱ्या उड्डाणांपुरता. जानेवारी २०२५ पासून तिथे एका बाजूच्या भाड्याच्या २०० टक्के, कमाल १,०७५ डॉलर; उशीर जास्त असेल तर ४०० टक्के, कमाल २,१५० डॉलर. पण सुरक्षेच्या किंवा कामकाजाच्या कारणाने छोटं विमान लावलं असेल तर तिथे ही भरपाई लागू होत नाही. या एका बाबतीत आपला अनुभव बरा. कॅनडात पोचायला किती उशीर होतो त्यावर ९००, १,८०० किंवा २,४०० कॅनेडियन डॉलर, आणि पैसे ४८ तासांत द्यावे लागतात.

आई-बाबांना हे आकडे पाठ करायला लावू नका. एका कागदावर इंग्रजीत दोन वाक्यं लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा: ‘आम्ही स्वेच्छेने थांबत नाही. नकाराचं कारण लेखी द्या.’ आणि खाली तुमचा फोन नंबर. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी तो कागद न बोलता काउंटरवर ठेवला आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. सीट मिळाली. कागदामुळे की घडीमुळे, सांगता येत नाही.

एका पीएनआरवर आम्ही चौघं, सीट दोघांनाच देताहेत.

दोघांनी पुढे जायचं की सगळ्यांनी थांबायचं हे तुम्ही ठरवा, गेटवरच्या घाईत नाही. लहान मूल किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर ते आधी सांगा. दोघं थांबले तर दोघांची भरपाई वेगवेगळी, प्रत्येकी. आणि बॅगा कुणाच्या नावावर गेल्या आहेत ते विचारा. औषधं बॅगेत पुण्याला आणि आजोबा दिल्लीला, असं झालेलं आहे.

विमान रद्द झालं किंवा पाच तास उशीर झाला, तेही यातच येतं का?

नाही. त्याच नियमात आहे, पण कलमं आणि रकमा वेगळ्या. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं कोलमडली आणि लोक विमानतळांवर बॅगा उशाला घेऊन झोपले, ते रद्द झालेल्या उड्डाणांचं प्रकरण. त्यावर वेगळं पान लागेल.

बिझनेस क्लासचं तिकीट होतं, मागे इकॉनॉमीत बसवलं.

फेब्रुवारी २०२३ पासून त्यालाही नियम आहे. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के परत. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के.

काउंटरवर आवाज चढवल्याशिवाय काम होत नाही, असं सगळे म्हणतात.

समोरची मुलगी किंवा मुलगा अनेकदा त्या कंपनीचा नोकरही नसतो, ग्राउंड हँडलिंगच्या कंत्राटावर असतो. तिकिटं जास्त विकायचा निर्णय त्याने घेतलेला नाही आणि शिव्या मात्र त्याच्या वाट्याला. शिवाय उद्दाम प्रवाशांसाठी डीजीसीएचा वेगळा नियम आहे. नुसत्या शाब्दिक त्रासालाही तीन महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी लागू शकते, हाताघाईवर आलात तर सहा महिने. म्हणजे भरपाई मागायला गेलात आणि गुन्हेगार ठरलात. आवाज खाली, पेन वर.

व्हिडिओ करून सोशल मीडियावर टाकू का?

टाका, काम होतं. पण त्यात कर्मचाऱ्याचा चेहरा नको, बोर्डिंग पासवरचा पीएनआर झाकलेला असू द्या. उघड्या पीएनआरवरून कुणीही तुमचं तिकीट उघडू शकतं. आणि कंपनीने ‘डीएम करा’ म्हटलं तरी ईमेलची वाट सोडू नका. पुढे ग्राहक आयोगात ईमेलच कामाला येतो.

तक्रार करायची कुठे, कुठल्या क्रमाने?

आधी कंपनीला ईमेल. दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, मग त्याच्या वरच्या अपिलेट ऑथॉरिटीला. दोघांचे पत्ते कंपनीच्या वेबसाइटवर असतात, तळाशी, बारीक अक्षरात. त्याच वेळी सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

यातून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विमान दिल्लीत चुकलं म्हणून दिल्लीला जायला नको. सांगलीचा माणूस सांगलीत दाखल करू शकतो. मुदत दोन वर्षं. सेवेची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो.

माझं नुकसान २०,००० पेक्षा कितीतरी जास्त झालं. मुलाखत हुकली, पुढची दोन तिकिटं बुडाली.

मग जास्त मागा. नियमातली कमाल रक्कम कंपनीने आपण होऊन द्यायची आहे. त्यामुळे तुमचा कोर्टात किंवा आयोगात जायचा मार्ग बंद होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही असंच म्हटलं आहे. फक्त प्रत्येक रुपयाला कागद हवा. ‘मनस्ताप’ या एका शब्दावर मोठी रक्कम मिळेल या आशेवर राहू नका. मुलाखतीचं पत्र, बुडालेलं तिकीट, लॉजचं बिल जोडा.

तुम्हाला मिळालेल्या पैशांचं काय केलंत?

हा प्रश्न खरंच वारंवार विचारला जातो. ७,८०० रुपये आले होते. मावसभावाला आहेर पाठवला. त्याने परत केला आणि लिहिलं, आहेर नको, नवरी तरी बघून जा. वर्षभराने बारशाला गेलो, रेल्वेने. तिकीट आरएसी होतं.